हिरडीच्या रंगाची गाडी

९ जानेवारी

प्लास्टरच्या पोत्यांबरोबर दुकानदार दरवर्षी एक डायरी फुकट देतो. दरवर्षी मी तिच्यात कुणाचा वरचा जबडा कधी द्यायचा आणि कुणाचा खालचा, एवढंच लिहिते. यंदा मात्र स्वतःचं काहीतरी लिहिणार आहे, कारण आज मी एक उद्योग करून बसले आहे.

सकाळी यांची गाडी बघायला एक गिऱ्हाईक आलं होतं. गाडी म्हणजे मोठी मोटरसायकल, दोन सिलिंडरची, लांबच्या प्रवासाची. आठ महिने पोर्चमध्ये कापडाखाली उभी आहे. यांच्या कानातला तोल गेला, चालता चालता घर गरकन फिरतं म्हणतात. लिफ्ट दुरुस्तीचं काम त्यापायी सुटलं आणि दुचाकीवर डॉक्टरांनी कायमची फुली मारली. पुढेही बसायचं नाही, मागेही नाही.

गिऱ्हाइकाने कलिंगड वाजवून बघावं तशी टाकी वाजवून बघितली. हे दाराची चौकट धरून उभे होते. "ठीक आहे, घेऊन जातो," तो म्हणाला आणि यांनी किल्ली पुढे केली. मी आत एका कवळीला कानस मारत होते. ती तशीच हातात घेऊन बाहेर आले आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "विकायची नाहीये."

"मग चालवणार कोण?"

"मी."

त्याने मला खालपासून वरपर्यंत बघितलं. फार वेळ लागला नाही, मी पाच फूटच आहे.

तो गेल्यावर यांनी आत जाऊन रेडिओ लावला. पण मला आज जेवण गेलं नाही, इतका आनंद झालाय. वय वर्षं एकावन्न!

११ जानेवारी

उगाच नाही बोलले मी ते. दहा वर्षं छोट्या मोटरसायकलवरून गावभरच्या दवाखान्यांत कवळ्या पोचवते आहे. गिअर, क्लच मला नवे नाहीत. आणि जायचं कुठे तेही ठरलंय. डोंगरापलीकडच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे.

या बाई बावीस वर्षं मला पार्सलने तोंडांची मापं पाठवतात. मी कवळ्या करून पाठवते. आम्ही एकमेकींना पाहिलेलं नाही. खरं सांगायचं तर मी केलेले दात घालून हसणारं माणूससुद्धा मी कधी पाहिलेलं नाही. माझ्यापर्यंत येतात ते प्लास्टरचे साचे. आता त्यांचा एक पेशंट आहे, निवृत्त गणिताचे मास्तर. त्यांची कवळी तीनदा केली, तीनदा परत आली. बसते छान, पण 'स' उमटत नाही. चौथ्यांदा पार्सल नाही करायची. मी स्वतः नेणार, समोर बसवून दुरुस्त करणार. तीनशे चाळीस किलोमीटर, मध्ये मोठा घाट.

यांना सांगितलं. "बस आहे की," म्हणाले.

१४ जानेवारी

गाडीवर बसले आणि उतरता येईना! दोन्ही पायांचे अंगठे जमिनीला टेकतात, बाकी पाय हवेत. हँडल इतकं लांब की धरायला जवळजवळ टाकीवर पालथं पडायचं. यांचे हात लांब, पाय लांब. सगळी गाडी त्यांच्या मापाची.

मग डोक्यात आलं, अगं, तू काय करतेस गेली तीस वर्षं? दुसऱ्याच्या तोंडात नेमकं बसेल असं काहीतरी. मग स्वतःच्या अंगाला बसेल असं का नाही करायचं? सबंध गाडी माझ्या मापाने करायची. सीट, हँडल, काच, पाय ठेवायच्या जागा, सगळं. आणि रंगही. हो, रंग माझा.

१५ जानेवारी

मिस्त्री ठरला. हायवेच्या वळणावर त्याचं गॅरेज आहे. त्याचं नाव मी 'थांबा मिस्त्री' ठेवलंय. काहीही विचारलं तरी आधी म्हणतो, "थांबा." मग डोळे मिटतो. मग म्हणतो, "उद्या सांगतो." माझ्या यादीतल्या नऊ गोष्टी ऐकून नऊ वेळा थांबा म्हणाला.

१९ जानेवारी

आज फजिती. सीटचं माप घ्यायला वर्कशॉपमधल्या स्टुलावर ओल्या प्लास्टरची जाड पिशवी ठेवली आणि तिच्यावर घोड्यावर बसावं तशी बसले. आठ मिनिटं हलायचं नाही, हललं की साचा गेला. नेमका तेव्हा नणंदबाईंचा व्हिडिओ कॉल. प्लास्टर घट्ट होताना गरम होतं हे मी विसरले होते. बाई विचारतात, "वहिनी, तोंड असं का झालंय? बरं नाही का?" मी म्हटलं, "बसलेय."

"ते दिसतंय. पण कशावर?"

सांगितल्यावर पाच मिनिटं भाषण. या वयात, दादाची तब्येत अशी, लोक काय म्हणतील. मला उठता येत नव्हतं म्हणून सगळं ऐकून घ्यावं लागलं. एवढ्यात हे खोलीत आले. मला बघून दारातच थांबले. मला वाटलं हसतील. हसले नाहीत. म्हणाले, "पुढे जरा झुकून बैस. गाडीवर कुणी असं ताठ बसत नाही," आणि निघून गेले. टोचून बोलायची एक संधी सोडत नाहीत!

झुकले. साचा मात्र सुरेख आला.

२६ जानेवारी

गादीवाल्याने साच्यावरून फोम कापला. मी जवळ उभी राहून सूतभर इकडे, सूतभर तिकडे करून घेतलं. शेवटी तो वैतागून म्हणाला, "ताई, हे सीट आहे, अंगठी नाही." बसून बघितलं आणि खरंच सांगते, डोळ्यांत पाणी आलं. आयुष्यात पहिल्यांदा कुठलीतरी खुर्ची माझी वाट बघत होती असं वाटलं.

हे बघायला आले नाहीत. हल्ली चारला फिरायला जातात ते सहाला येतात. तोल जातो म्हणून काठी घेतात, तरी दोन-दोन तास. घरात माझा आणि गाडीचा जयजयकार सहन होत नसणार.

३० जानेवारी

मागचा शॉकअप खाली घेतला. आता दोन्ही पाय अर्धे टेकतात. जग जिंकल्यासारखं वाटतंय.

थांबा मिस्त्री हुशार माणूस आहे. गाडी खाली घेतली की साइड स्टँड लांब पडतो, गाडी सरळ उभी राहते आणि जराशा धक्क्याने पलीकडे कलंडते. हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. त्याने आधीच स्टँड दीड सेंटिमीटर कापून, जोडून ठेवला होता. "तुम्हाला कसं सुचलं?" विचारलं तर म्हणाला, "थांबा," आणि डोळे मिटले. विनयशील आहे.

२ फेब्रुवारी

माझा उजवा बूट सापडत नव्हता. सगळं घर पालथं घातलं. संध्याकाळी होता त्याच जागी मिळाला, तळव्याला खडूच्या रेघा. हे म्हणाले, "मी काय तुझे बूट घालतो?" तेही खरंच. पण हल्ली यांचं लक्ष नसतं कशात. काल जेवताना म्हणाले, "मूठ वळून दाखव." दाखवली. मग म्हणाले, "आता उघड. दोनच बोटांनी पेला धर." बराच वेळ बघत बसले. मला वाटलं आता हाताबद्दल काहीतरी गोड बोलतील. "भाजीत मीठ कमी आहे," म्हणाले.

५ फेब्रुवारी

रंग! आठ दिवस झोप नव्हती या रंगापायी. काळा सगळ्यांचाच असतो. लाल भडक वाटतो. आणि सकाळी कवळीचं अ‍ॅक्रिलिक कालवताना लख्खकन लक्षात आलं, जगातला सगळ्यात जिवंत रंग तर रोज माझ्या वाटीत असतो. हिरडीचा गुलाबी! निरोगी हिरडीचा, किंचित लालसर, आत बारीक लाल धागे असलेला.

रंगाऱ्याला नमुना म्हणून एक जुनी कवळी नेऊन दिली. त्याने ती चिमट्याने उचलली.

यांना सांगितलं तेव्हा नऊ महिन्यांत पहिल्यांदा आवाज चढला. "टाकीला? हिरडीचा रंग? लोक हसतील!"

"हसावं म्हणूनच तर दात करते मी."

मग हळूच म्हणाले, "तो काळा रंग मी स्वतः मारला होता. तीन हात." त्या क्षणी बरं नाही वाटलं. गाडी माझी होत जाते म्हणजे कुणाची तरी होणं कमी होत जातं, हे मी सोयीस्कर विसरले होते. रंग रद्द करू का, विचारलं. "नको," म्हणाले, "अर्धवट काम करू नये," आणि फिरायला गेले.

१३ फेब्रुवारी

टाकी आली. शब्द नाहीत. ऊन पडलं की आतले लाल धागे दिसतात. शेजारच्या बाई म्हणाल्या, "अय्या, आइस्क्रीमची गाडी का?" म्हणू देत. मी दिवसातून सहा वेळा पोर्चमध्ये जाऊन येते. एकदा गेले तर हे टाकीवर तळहात ठेवून उभे होते. मला बघताच म्हणाले, "धूळ बसते फार."

१८ फेब्रुवारी

समोरची काच माझ्या नाकाच्या उंचीला कापली, पॉलिशच्या मोटरवर कडा दातासारख्या गुळगुळीत केल्या. हे काम सगळं माझं. गाडीच्या मागचा डावा डबा म्हणजे आता चालता दवाखाना आहे: फोममध्ये खाचा पाडून छोटी मोटर, मेण वितळवायचा दिवा, कानशी, आरसा, प्रत्येकाचं आपापलं घर. उजव्या डब्यात कपडे आणि गाडीची हत्यारं. डॉक्टरीणबाईंना फोन केला तर त्यांचा विश्वास बसेना. "तुम्ही स्वतः? मोटरसायकलवर? मास्तरांना सांगते. हल्ली ते बोलणंच टाळतात हो, लोक 'स'चा 'श' ऐकून हसतात म्हणून."

आता मागे फिरणं नाही.

२१ फेब्रुवारी

पडले.

गॅरेजच्या आवारात वळवताना वेग अगदीच कमी झाला आणि दोनशे वीस किलो माझ्या डाव्या बाजूला सावकाश, अगदी सावकाश झोपले. मी बाजूला उडी मारली. कोपर खरचटलं, इंडिकेटर तुटला. त्याहून वाईट म्हणजे उचलता येईना. जोर लावला, रडले, पुन्हा जोर लावला. रस्त्यावरची दोन माणसं उचलायला धावली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घाटात कोण धावणार आहे?

घरी येऊन यांना म्हटलं, "बोलवा त्या गिऱ्हाइकाला."

हे माझ्या कोपराला औषध लावता लावता म्हणाले, "फोन नंबर हरवलाय त्याचा."

२२ फेब्रुवारी

कमाल! थांबा मिस्त्रीने आज स्वतःहून बोलावलं. गाडी मुद्दाम आडवी केली आणि म्हणाला, "थांबा. हाताने नाही उचलायची. पाठ करा तिच्याकडे, बूड सीटला टेकवा, गुडघ्यात बसा, एक हात हँडलला, एक मागच्या दांडीला, आणि उलटं चाला." पाच फुटांची मी, आणि गाडी उठली! तीनदा पाडून तीनदा उचलली. मी नाचायची बाकी होते. मिस्त्री म्हणाला, "लिफ्टमध्ये वजन असंच उचलतात, पायाने." हा माणूस लिफ्टचंही काम करत होता की काय कधी? काय काय येतं त्याला!

आणि क्लच! घाटात सारखा दाबून माझी दोन बोटं बधिर होणार ही माझी भीती मी त्याला बोललेच नव्हते. तरी दोन बोटांनी लोण्यासारखा दबतोय. लिव्हरही माझ्या बोटांच्या बरोब्बर अंतरावर.

२७ फेब्रुवारी

उद्या सकाळी निघायचं. आज दुपारी साडेचारला इंडिकेटर बसला का बघायला न कळवता गॅरेजमध्ये गेले. फाटकापाशीच थांबले.

उपड्या खोक्यावर हे बसले होते. डावा हात गाडीच्या मागच्या दांडीला घट्ट, तोल जाऊ नये म्हणून. उजव्या हातात पाना. डोळे मिटलेले. खाली वाकून बघितलं की जग फिरतं, म्हणून बघतच नव्हते, बोटांनी चाचपून नट शोधत होते. थांबा मिस्त्री शेजारी उभा राहून मागतील तो पाना त्यांच्या हातात देत होता. एकदा हे कलले, मिस्त्रीने खांद्याला धरलं, हे थांबले, घाम पुसला, पुन्हा हात आत घातला. "तिची करंगळी आखूड आहे," म्हणत होते, "लिव्हर अजून थोडं आत घे."

मी आवाज न करता परत फिरले. रस्ता नीट दिसत नव्हता.

घरी येऊन ही डायरी पहिल्यापासून वाचली. बूट, खडू, मूठ, पेला. किती बावळट असावं माणसाने! मागची पानं फाडून टाकावीशी वाटली. ठेवली. आपण काय होतो ते असू दे लिहिलेलं.

हे सहाला आले. नखांत काळं. चहा दिला. मग म्हटलं, "मिस्त्रीला सांगाल का? क्लच अजून अर्धा सूत सैल चालेल."

"मी कशाला सांगू? मी कुठे जातो तिकडे?"

"बरं."

चहा संपला. कप खाली ठेवत म्हणाले, "अर्धा सूत? की पाव?"

"पाव."

"हं," म्हणाले, आणि काठी घेऊन पुन्हा बाहेर पडले.

२८ फेब्रुवारी

पोचले! पोचले, पोचले!

आठ तास लागले. सुरुवातीचे पन्नास किलोमीटर हात कडक धरले होते, मग कधीतरी ते सैल सुटले आणि मला कळलंही नाही. माझी सीट, माझं हँडल, नाकावरून जाणारा वारा. पेट्रोल भरताना एक ट्रकवाला टाकीकडे टक लावून बघत म्हणाला, "हा रंग कुठला हो?" मी ओठ वर करून दाखवला. तो इतका हसला की त्याची खालची सोन्याची दाढ दिसली.

घाटात चौथ्या वळणावर गाडी एकदा पडली. वळणावर खडी होती. मी उठले, आजूबाजूला बघितलं, कुणीही नव्हतं. पाठ केली, बसले, उलटी चालले. उभी! भीती वाटायला वेळच मिळाला नाही.

डॉक्टरीणबाई दारात उभ्या होत्या. मला वाटायचं उंच असतील. माझ्याएवढ्याच निघाल्या. आम्ही दोघी आधी हसलोच नुसत्या.

मास्तर खुर्चीत बसले होते, ओठ घट्ट मिटून. कवळी बसवली आणि म्हटलं, "साठपासून म्हणा." म्हणाले, "शाठ, एकशष्ट..." आणि तोंड फिरवलं. आरसा लावून बघितलं. जे तीन वेळा साच्यावर दिसलं नव्हतं ते एका मिनिटात दिसलं. त्यांची जीभ जाड आहे, वरच्या दातांमागे तिला जागा पुरत नाही. प्लास्टरला जीभ नसते! डबा उघडला, मोटर लावली, मागून केसभर घासलं. पुन्हा बसवली. पुन्हा केसभर. चौथ्यांदा ते म्हणाले, "साठ."

आणि थांबले. स्वतःच ऐकत होते.

"एकसष्ट. बासष्ट. त्रेसष्ट." मग थांबेचनात. सदुसष्ट, अडुसष्ट, सत्तर, सत्याहत्तर. अठ्ठ्याहत्तरला थांबून म्हणाले, "एवढंच. माझं वय एवढंच आहे सध्या." आणि हसले. मी केलेले दात घालून, माझ्यासमोर. इतकी वर्षं मी काय करत होते ते मला आज दिसलं.

बाहेर येऊन यांना फोन लावला. एका दमात सगळं सांगितलं. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "गाडी कशी आहे?"

"मस्त. फक्त शेवटच्या तासात काहीतरी आवाज येत होता. बहुतेक माझ्या मनाचा."

"मेन स्टँडवर घे. पहिला गिअर टाक, मागचं चाक फिरू दे. फोन चाकाजवळ धर. थांब, चांगल्या कानाला लावतो."

धरला. पलीकडे शांतता. इतकी की वाटलं फोन कटला.

"चेन सैल झालीये," म्हणाले. "गाडी पडली होती का?"

तीनशे चाळीस किलोमीटरवरून! "जराशी," म्हटलं.

"लागलं?"

"नाही. उचलली. पायाने."

"बंद कर गाडी. उजवा डबा उघड. मोठा पाना घे."

फोन स्पीकरवर ठेवून मी जमिनीवर बसले आणि ते सांगतील तसं करत गेले. आधी चाकाचा नट सैल केला. मग डावा स्क्रू एक फेरा, मग उजवा एक फेरा. "दोन्हीकडे सारखं. रेघा मोज." मोजल्या. "चेन बोटाने वर उचलून बघ. किती उचलते?" सांगितलं. "अजून अर्धा फेरा." डॉक्टरीणबाई आणि मास्तर पायरीवर बसून बघत होते. नट आवळला. हात कोपरापर्यंत काळे झाले.

"आता चालू कर."

चालू केली. चाक फिरायला लागलं. फोन जवळ धरला.

"आता?"

"आता बरोबर."

मी फोन कानाला लावला नाही, तसाच गाडीजवळ धरून ठेवला. त्यांनीही फोन ठेवला नाही. मास्तरांनी विचारलं, "झालं ना काम? मग बंद का नाही करत?"

मी म्हटलं, "ऐकतायत."